मुखपृष्ठावरचा रंग आणि मुंबईचा जन्मदाखला

सिनेमातल्या नटीवर या पानांत लेख कशाला, असे काही वाचकांना वाटेल. तसे वाटणे गैर नाही. नट्यांची चरित्रे छापणारे कागद बाजारात पुष्कळ आहेत. परंतु मर्ल ओबेरॉन या ब्रिटिश अभिनेत्रीची हकिकत रजतपटापुरती राहत नाही. जन्म लपवून जगणे म्हणजे काय, त्यासाठी नाव, गाव आणि शेवटी आईची ओळखही बदलावी लागणे म्हणजे काय, हे ज्या समाजाला परक्याने समजावून सांगावे लागत नाही, त्याने ही हकिकत आपल्या डोळ्यांनी वाचायला हवी. पाश्चात्त्य लेखकांनी ती बहुधा चवीने सांगितली, काहींनी फसवणुकीचे प्रकरण म्हणून सांगितली. फसवणूक झाली हे खरेच आहे. ती करायला कोणी लावली आणि तिची किंमत कोणी मोजली, एवढेच येथे तपासायचे आहे.

१९३० नंतरच्या दशकात इंग्लंड-अमेरिकेत सिनेमाच्या नियतकालिकांचा खप प्रचंड होता. इंग्लंडात ‘पिक्चरगोअर’ आणि ‘फिल्म वीकली’, अमेरिकेत ‘फोटोप्ले’ आणि ‘मॉडर्न स्क्रीन’, अशी ती नावे. गिरणीतल्या मुली, दुकानातल्या विक्रेत्या, कचेरीत टंकलेखन करणाऱ्या तरुणी ती विकत घेत, एकमेकींना देत. मुखपृष्ठावर नटीचा चेहरा आणि आत तिचे घर, तिचे कुत्रे, तिचे बालपण. अशा मुखपृष्ठांवर मर्ल ओबेरॉनचा चेहरा वारंवार आला. रुंद कपाळ, किंचित तिरकस मोठे डोळे, काळेभोर केस आणि दुधाळ गोरी कातडी. आतला मजकूर सांगत असे की, बाई ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटावर जन्मल्या, वडील प्रतिष्ठित इंग्रज, ते शिकारीतल्या अपघातात गेले आणि मग ही पोरकी मुलगी हिंदुस्थानात उच्चकुलीन पालकांकडे वाढली.

यातला हिंदुस्थान तेवढा खरा होता.

१९ फेब्रुवारी १९११ रोजी मुंबईत एका मुलीचा जन्म झाला. नाव एस्टेल मर्ल ओब्रायन थॉम्प्सन. बाप आर्थर थॉम्प्सन, इंग्लंडातल्या डार्लिंग्टनकडचा, रेल्वेत नोकरीला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पंचम जॉर्ज आणि राणी मेरी अपोलो बंदरावर उतरले. ज्या प्रसंगाची आठवण म्हणून पुढे गेटवे ऑफ इंडिया उभे राहिले, तोच हा प्रसंग. त्या राणीच्या कौतुकात घरातल्या तान्ह्या पोरीला ‘क्वीनी’ असे लाडाचे नाव पडले. तिला वाढवले शार्लट सेल्बी या बाईने. शार्लट सिलोनची, मिश्र वंशाची, सावळी. मुलगी तिला आई म्हणून ओळखत होती. पण खरी जन्मदात्री शार्लटची मुलगी कॉन्स्टन्स ही होती, आणि मर्ल जन्मली तेव्हा कॉन्स्टन्स स्वतःच लहान पोर होती. वय कोणी बारा सांगते, कोणी चौदा. या वयातल्या मुलीला मूल होते, तेव्हा त्याला प्रेमप्रकरण म्हणण्याचा निर्लज्जपणा कोणी करू नये. खुद्द शार्लटचीही कथा निराळी नव्हती. सिलोनच्या चहामळ्यावरच्या एका गोऱ्या मुकादमापासून तिलाही असेच कोवळ्या वयात मूल झाले होते, आणि ते मूल म्हणजे कॉन्स्टन्स. साम्राज्याने रेल्वे आणली, चहाचे मळे उभे केले, असे शाळेत शिकवतात. त्या मळ्यांच्या आणि रेल्वेच्या वसाहतींत काय चालले होते, हे अशा जन्मनोंदी वाचल्याशिवाय कळत नाही.

कॉन्स्टन्सला मर्लची बहीण म्हणून वागवण्यात आले. बाप पहिल्या महायुद्धात १९१४ साली वारला. १९१७ साली शार्लट मुलीला घेऊन कलकत्त्याला गेली. तेथे ला मार्टिनिअर या नामांकित शाळेत मर्लला फाउंडेशनची शिष्यवृत्ती मिळाली. पण शाळेत तिच्या जन्मावरून टोमणे सुरू झाले आणि ते सोसवेनात म्हणून तिने शाळा सोडली. पुढचे शिक्षण घरीच, जमेल तसे. शिष्यवृत्तीवर वरच्या शाळेत गेलेल्या मुलाला वर्गात काय ऐकावे लागते, हे आपल्या वाचकांना फोड करून सांगण्याची गरज नाही.

अँग्लो-इंडियन समाज हा साम्राज्याने स्वतःच जन्माला घातलेला आणि स्वतःच दूर ठेवलेला समाज होता. रेल्वे, तार, टेलिफोन, जकात या खात्यांतल्या मधल्या जागा त्याला दिल्या, क्लबाचे दार मात्र बंद ठेवले. त्या समाजात आतही उतरंड होती. ज्याची कातडी उजळ त्याचा भाव अधिक, ज्याच्या बोलण्यात देशी हेल त्याची चेष्टा. ‘चीची’ हा शब्द त्या हेलासाठी शिवीसारखा वापरला जाई. एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. आपल्या राज्यघटनेच्या ३६६ व्या अनुच्छेदात अँग्लो-इंडियन कोण, याची जी व्याख्या आली आहे, ती बापाच्या बाजूने चालते. पुरुषपूर्वज युरोपीय असला म्हणजे झाले. ही व्याख्या १९३५ च्या कायद्यापासून चालत आलेली आहे. आई कोण, हा प्रश्न तिच्यात येतच नाही. मर्लच्या आयुष्यात नेमका हाच प्रश्न तिला शेवटपर्यंत पुरून उरला.

कलकत्त्यात क्वीनी थॉम्प्सनने टेलिफोन ऑपरेटरची नोकरी केली, हौशी नाटकमंडळीत कामे केली. चरित्रकार सांगतात की, एक माजी नट तिच्या प्रेमात पडला होता, पण घरी आल्यावर सावळी शार्लट दारात दिसली आणि त्याचे प्रेम ओसरले. १९२९ च्या सुमारास मायलेकी युरोपकडे निघाल्या. लंडनमध्ये तिने नाइटक्लबात काम केले, सिनेमात गर्दीतल्या लहान भूमिका केल्या. तेथे तिला अलेक्झांडर कोर्डा भेटला.

हा कोर्डा कोण, तेही पाहिले पाहिजे. जन्म १८९३, हंगेरीतला ज्यू, मूळ आडनाव केल्नर. १९१९ नंतरच्या हंगेरीतल्या दडपशाहीत त्याला देश सोडावा लागला होता. म्हणजे ज्याने मर्लला नवे नाव आणि नवे जन्मस्थान दिले, त्याने स्वतःचे नाव आधीच बदलले होते. टास्मानियाची निवडही विचार करण्यासारखी आहे. बेट दूर, चौकशी करायला कोणी जाणार नाही, आणि साम्राज्याच्या कल्पनेत ते शुद्ध गोरे. तेथल्या मूळ रहिवाशांचा एकोणिसाव्या शतकात जवळजवळ नायनाट करून ते ‘शुद्ध’ केलेले होते, ही बाब जाहिरात खात्याच्या डोक्यात आली नसेल. पण एका काळ्या रक्ताच्या मुलीला लपवायला जी जागा शोधली, ती काळ्या माणसांच्या हाडांवर गोरी झालेली होती, हे आपण विसरता कामा नये.

१९३३ साली ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ’ या चित्रपटात तिने ॲन बोलिनची छोटी भूमिका केली आणि ती लोकांच्या डोळ्यांत भरली. त्यानंतर पडद्यावर तिला काय काय केले ते पाहा. १९३४ साली ‘द बॅटल’मध्ये ती जपानी सरदाराची बायको झाली. त्याच वर्षी ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ डॉन वान’मध्ये स्पॅनिश नर्तकी झाली. त्याच वर्षी ‘द स्कार्लेट पिंपर्नेल’मध्ये फ्रेंच बाई झाली. जगातल्या कोणत्याही देशाची स्त्री होण्याची तिला मुभा होती. मुंबईची होण्याची तेवढी नव्हती.

मग सॅम्युअल गोल्डविनने तिला हॉलिवूडमध्ये ‘द डार्क एंजल’ हा चित्रपट दिला. तिच्या चेहऱ्यावरचे ‘पौर्वात्य’ वळण काढून टाकायचे आणि साधी इंग्रज मुलगी उभी करायची, असा तो घाट होता. केसांची ठेवण साधी केली, कपडे खेडवळ इंग्रजी घराण्यातले दिले. १९३५ च्या या कामाबद्दल सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या ऑस्करसाठी तिचे नामांकन झाले. पारितोषिक बेट डेव्हिसला गेले.

येथे मुखपृष्ठांकडे पुन्हा वळू, कारण तेथे एक कारागिरी होती. त्या काळातले बहुतेक चित्रपट कृष्णधवल. कृष्णधवल फिल्मला कातडीचा रंग कळत नाही, तिला उजेड कळतो. दिवा कोठे लावला, चेहऱ्यावर काय थापले, यावर काळेगोरेपण ठरते. छायाचित्राच्या निगेटिव्हवर पेन्सिलीने आणि पातीने हात फिरवून सुरकुत्या, डाग काढणारे कामगार प्रत्येक स्टुडिओत पगारावर असत. मुखपृष्ठ मात्र रंगीत हवे. म्हणून कित्येक नियतकालिके चित्रकाराकडून खडूत किंवा रंगात चेहरा काढून घेत. तेव्हा वाचकाच्या हातात जी गुलाबी-गोरी मर्ल पडत होती, तिचा रंग छापखान्यातल्या शाईचा होता. नियतकालिकांनी चौकशी का केली नाही, असे कोणी विचारील. छायाचित्रे स्टुडिओ देई, मुलाखतीची वेळ स्टुडिओ देई, चरित्राचे टिपणही स्टुडिओच देई. ज्याच्या ताटात जेवायचे त्याला प्रश्न विचारायचा नसतो. १९३८ साली ‘द डिव्होर्स ऑफ लेडी एक्स’ हा टेक्निकलर चित्रपट आला, तोवर लोकांच्या मनात तिचा रंग पक्का बसला होता.

एवढा आटापिटा कशासाठी? हौस म्हणून माणूस आई लपवत नाही. त्यामागे कायदा उभा होता. १९१७ च्या अमेरिकन कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानातल्या लोकांना स्थलांतरित म्हणून येण्यास बंदी केली होती. नागरिकत्व गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांना मिळे, आशियाई माणसाला नाही. भगतसिंग थिंड हा पंजाबी शीख पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होता. त्याने नागरिकत्व मागितले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. थिंडची बाजू काय मांडण्यात आली? आपण उच्च जातीचे, आर्य रक्ताचे, म्हणून गोरेच आहोत. एवढ्यावर न थांबता असेही सांगण्यात आले की, विवाहसंबंधाच्या बाबतीत अमेरिकन माणूस काळ्यांना जसा लेखतो, तसाच उच्चवर्णीय हिंदू येथल्या मूळ रहिवाशांना लेखतो. म्हणजे आपण अस्पृश्यता पाळतो, हाच आपल्या गोरेपणाचा दाखला! न्यायालयाने तो मानला नाही. सामान्य अमेरिकन माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा, असा निकाल १९ फेब्रुवारी १९२३ रोजी लागला. त्या दिवशी कलकत्त्यात क्वीनी थॉम्प्सनला बारा वर्षे पूर्ण झाली. अमेरिकेचे दार हिंदी माणसासाठी १९४६ साली किलकिले झाले, तेही वर्षाला शंभर माणसांपुरते.

सिनेमाच्या धंद्याचा स्वतःचाही कायदा होता. १९३० साली लिहिलेली आणि १९३४ पासून कडकपणे लागू झालेली निर्मात्यांची आचारसंहिता गोऱ्या-काळ्यांतले शरीरसंबंध पडद्यावर दाखवायला मनाई करीत होती. तिचा अर्थ असा लावला जाई की, गोऱ्या नायकाला मिठीत घेणारी बाई गोरीच पाहिजे. ॲना मे वाँग ही लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेली चिनी वंशाची नामवंत नटी. १९३७ च्या ‘द गुड अर्थ’ या चिनी शेतकऱ्यांवरच्या चित्रपटातही नायिकेची भूमिका तिला मिळाली नाही, कारण नायक गोरा नट होता. ती भूमिका लुइझ रायनरला मिळाली आणि ऑस्करही. जिला चेहरा लपवता येत नव्हता तिचे काय झाले, ते असे समोर दिसत होते. मर्ल आंधळी नव्हती.

१९३९ साली ‘वदरिंग हाइट्स’ आला. मर्लची ही सर्वांत गाजलेली भूमिका. मूळ कादंबरीत नायक हीथक्लिफ हा काळसर वर्णाचा, लिव्हरपूलच्या रस्त्यावर सापडलेला, कुळगोत्र नसलेला पोर आहे. तो लस्कराचा पोर असेल, असेही त्यात एक पात्र बोलून जाते. लस्कर म्हणजे आपल्याकडचे खलाशी. तो हीथक्लिफ झाला गोरा लॉरेन्स ऑलिव्हिए, आणि त्याच्या रक्ताची शंका घेणाऱ्या गोऱ्या घरातली कॅथी झाली मुंबईची मर्ल! ऑलिव्हिएला ही भूमिका व्हिव्हियन ली हिला मिळायला हवी होती, आणि चित्रीकरणात तो मर्लशी नीट वागला नाही, हे नमूद आहे. आता गंमत अशी की, व्हिव्हियन लीचा जन्मही हिंदुस्थानातलाच, १९१३ सालचा, दार्जिलिंगचा. तिने तो कधी लपवला नाही. लपवण्याचे कारणच नव्हते. जगापुढे ती गोऱ्या साहेबाच्या घरातली मुलगी होती, आणि दार्जिलिंग तिच्या चरित्रात थंड हवेसारखे शोभून दिसे. तेव्हा हिंदुस्थानात जन्मणे हा कलंक नव्हताच. कोणाच्या पोटी जन्मलो, यावर सारे होते.

त्या चित्रपटाच्या वर्षाचा ऑस्कर समारंभ २९ फेब्रुवारी १९४० रोजी झाला. त्यात हॅटी मॅक्डॅनिएल या काळ्या अभिनेत्रीला मोलकरणीच्या भूमिकेबद्दल पारितोषिक मिळाले. ती बसली होती बाजूच्या वेगळ्या टेबलापाशी, कारण त्या हॉटेलात काळ्यांना मज्जाव होता आणि तिला आत घेण्यासाठीही रदबदली करावी लागली होती.

मोलकरणीच्याच भूमिकेत मर्लच्या घरीही एक बाई होती. ती म्हणजे शार्लट. लंडनमध्ये पाहुणे आले की, ही सावळी म्हातारी घरकामाची बाई आहे, असे त्यांना भासवले जाई, हे चरित्रकारांनी नोंदवले आहे. पोरीला वाढवले, तिच्याबरोबर समुद्र ओलांडला आणि परक्या मुलखात तिच्याच घरात ती नोकर होऊन राहिली. १९३७ साली शार्लट वारली.

हे वाचताना मला माझ्या शिक्षणाच्या दिवसांतला एक प्रसंग आठवतो. शहरात खोली पाहायला गेलो होतो. घरमालकाने आडनाव विचारले. मी गावाच्या नावाला ‘कर’ लावून सांगितले आणि खोली मिळाली. दोन महिन्यांनी वडील भेटायला आले. मी त्यांना बाहेर रस्त्यावरच गाठले, हॉटेलात चहा पाजला आणि एस. टी. स्टँडवर पोहोचवून आलो. वडील काही बोलले नाहीत. खोली का दाखवली नाहीस, हेही त्यांनी विचारले नाही. म्हणून मर्लला दगड मारायला माझा हात उचलत नाही. पण शार्लटच्या जागी मला माझे वडील दिसतात आणि मर्लला सोडूनही देववत नाही.

मर्लच्या सार्वजनिक आयुष्यात उणे काही नव्हते. १९३९ साली कोर्डाशी लग्न झाले, १९४२ साली त्याला ‘सर’ ही पदवी मिळाली आणि रेल्वेच्या वसाहतीतली क्वीनी लेडी कोर्डा झाली. युद्धात तिने ‘द लायन हॅज विंग्ज’ या प्रचारपटात काम केले, सैनिकांच्या करमणुकीसाठी दौरा केला. आत मात्र शरीर हिशेब मागत होते. १९३७ साली मोटार अपघातात चेहऱ्याला जखमा झाल्या होत्या. १९४० मध्ये प्रसाधनांची विषबाधा आणि औषधाची ॲलर्जी यांनी कातडी बिघडली. ती खरवडून सुधारण्याचे उपचार झाले, पण खड्डे राहिले. ल्यूसिएन बॅलार्ड हा छायाचित्रकार पुढे तिचा नवरा झाला. त्याने कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी बसणारा एक दिवा तयार केला, त्याचा झोत सरळ तोंडावर पडून व्रण पुसून टाकी. त्या दिव्याला ‘ओबी’ म्हणतात, ओबेरॉनवरून. माणसाचा डाग झाकण्यासाठी जन्मलेला दिवा पुढे धंद्याचे नेहमीचे हत्यार होऊन बसला.

१९७८ साली टास्मानियाची राजधानी होबार्ट येथे महापौरांनी तिचा सत्कार ठरवला. गावची लेक म्हणून. चाळीस-पंचेचाळीस वर्षे छापून आलेली थाप आता हार घेऊन समोर उभी राहिली. समारंभात तिने आपण येथे जन्मलो नाही असे सांगितले आणि प्रकृतीचे कारण देऊन ती निघून गेली. पण मुंबईचे नाव तिच्या तोंडून निघाले नाहीच. २३ नोव्हेंबर १९७९ रोजी ती वारली. टास्मानियातल्या काही लोकांनी मात्र तिला सोडले नाही. ती येथल्याच एका चिनी वंशाच्या मोलकरणीची मुलगी, असे ते सांगत राहिले. गोऱ्या बेटावरच्या लोकांना तिच्यासाठी बिगरगोरी आई कबूल होती, हे वाचून मनाला एक विचित्र बरे वाटते.

१९८३ साली चार्ल्स हायम आणि रॉय मोझली यांच्या चरित्राने मुंबईचा जन्म उजेडात आणला. त्यातही आई म्हणून शार्लटच राहिली. मुंबईच्या जन्मदाखल्यावर कॉन्स्टन्सचे नाव आहे, हे जगजाहीर झाले ते २००२ साली, एका ऑस्ट्रेलियन माहितीपटात. कॉन्स्टन्सच्या मुलाने, म्हणजे मर्लच्या भावाने, तो दाखला शोधून काढला होता. तो तिला भेटायला लॉस एंजेलिसपर्यंत गेला होता, तिने भेट नाकारली. तरीही ती जिवंत असेपर्यंत त्याने तिचे गुपित फोडले नाही. या साऱ्या प्रकरणातला सभ्य माणूस शोधायचा तर मला तोच सापडतो.

२०२३ साली मलेशियाच्या मिशेल योह यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्करसाठी नामांकन झाले आणि पुढे पारितोषिकही मिळाले. त्या वेळी वृत्तपत्रांपुढे पेच पडला. पहिली आशियाई म्हणावे तर १९३५ ची मर्ल आडवी येते. शेवटी ‘स्वतःला आशियाई म्हणवणारी पहिली’ असा शब्दप्रयोग काहींनी काढला. २०२५ साली मयूख सेन यांनी ‘लव्ह, क्वीनी’ हे तिचे सहानुभूतीने लिहिलेले चरित्र प्रसिद्ध केले. आता तिला दक्षिण आशियाची पहिली हॉलिवूड तारका म्हणून मान मिळू लागला आहे. जिवंतपणी जे नाव घेतले असते तर धंदा बुडाला असता, त्याच नावाने आता गौरव चालू आहे. कॉन्स्टन्सच्या वाट्याला त्यातले काय आले, ते कोणी विचारत नाही.

एक गोष्ट राहिली. १९४९ साली, शार्लटला जाऊन बारा वर्षे झाल्यावर, मर्लने एका जुन्या छायाचित्रावरून तिचे तैलचित्र करून घेतले. ते पुढे तिच्या घरांत लावलेले असे. आलेल्या पाहुण्यांना ती सांगत असे, ही माझी आई. चित्रकाराला दिलेल्या सूचनेप्रमाणे चित्रातली शार्लट गोरी आहे.